निवायच्या आधी

आळेफाट्याच्या एस्टी स्टँडवर ठकूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी कारखान्यातून सुटलेली दोघं येऊन टेकली. पोरगी विषारी वायू ओळखणाऱ्या यंत्राच्या चिनीमातीच्या पट्ट्यांवर धातूची शाई छापायची आणि बाप्या त्या भट्टीत भाजायचा, एवढं त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

“संपतदादा, भट्टी निवायच्या आत उघडली व्हती ना?”

“यात्रा व्हती गं. पालखी निघायच्या आत गावात पोचायचं व्हतं.”

“गार वारं लागून पट्ट्यांना तडे गेलेत. उरलेल्या आज मी भिंगाखाली बघितल्या.”

“साहेबानं तर तपासून ओतकामाच्या कारखान्याला पाठवल्या.”

“थंड असताना तपासल्या. तिथल्या धुराड्यात लाल झाल्या की तडा उघडतो. मग विषारी वायू कितीबी साठू दे, घंटा वाजत न्हाई.”

“बसवल्या का त्यांनी?”

“काल बसवल्या. आज सकाळी त्यांची भट्टी पेटलीय.”

“साहेबाला कळलं तर मला घरी बसवंल.”

ठकूबाईला राहवलं नाही.

“का रं, तुझ्यावाचून देव पालखीत बसत न्हवता व्हय? ऊठ. समोर फोन हाय. तिथल्या माणसांना बाहेर काढायला सांग.”

संपत उठला आणि बूथकडे गेला. परत आला तेव्हा तो बसला नाही.

“उचलला का कुणी, दादा?”

“लगेच उचलला. माझं ऐकूनच घेईना. गाडी निघाली का, एवढंच विचारत व्हता. त्याला वाटलं, दवाखान्यातनं बोलतोय.”