समुद्र दीड दिवसावर

(मद्रास, मैलापूर, १९५८. चंद्रमौळी कचेरीतून नुकताच घरी आला आहे. ओसरीत मेहुणा व्यंकोजी बसला आहे, डोकं भादरलेलं. आतल्या दाराशी बायको भवानी, केस ओले.)

व्यंकोजी : तेच अक्कास सांगत होतों, भावोजींनी केलेली तार वाटेत कुठं हरवली असंल. नाहीतर भावोजी कळवल्याशिवाय राहतील काय?

चंद्रमौळी : कसली तार? आणि तुझं हे डोकं...

भवानी : अम्मा गेली. मला आज कळलं. तेरावं उरकून हा आला, मी का आलें नाही म्हणून विचारायास.

चंद्रमौळी : अरे देवा. कधी?

व्यंकोजी : कधी म्हणजे? तुम्ही होतां की आमच्या तिरुवैयारूस त्या दिवशी. अम्मास ओट्यावर ठेवलेलं. गल्लीच्या तोंडाशी पाच सायकली थांबल्या. तुमची टोपी मी लांबून ओळखली. मग सायकली वळल्या, नदीच्या बांधाकडं गेल्या. मी सगळ्यांस म्हटलं, थांबा, जावई स्नानास गेलेत, येतील. ऊन उतरेपर्यंत उचलली नाही तिला.

भवानी : आणि तूं तार केली नाहीस.

व्यंकोजी : भावोजी स्वतः बघून गेले, अक्का. आले नाहीत तेव्हा वाटलं, तुला कळवायास, आणायासच परभारें गेले. मी कशास तार करूं?

भवानी : बोला आतां.

चंद्रमौळी : गर्दी दिसली मला. कुणाचं काय झालंय, ते नीट कळलं नाही.

भवानी : ओटा कुणाचा तें कळलं ना? दर साली तुमची सायकल यायची म्हणून अम्मा तिथं गरम कापीचा पेला घेऊन बसायची. या खेपेस तिच्यासाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली होती मी, कॅरियरला बांधून. ती परत आली. तुम्ही म्हणालात, घरास कुलूप होतं.

चंद्रमौळी : ऐकून तरी घे. मेट्टूरपासून कावेरीच्या काठाकाठानं सायकलीवर आलो होतो. दर वर्षी रजा संपते आणि कुंभकोणातून गाडी पकडावी लागते. या वेळी प्रथमच नदीच्या मुखापर्यंत जायला जमत होतं. समुद्र दीड दिवसावर राहिला होता. गल्लीत शिरलो असतो तर सूतक लागलं असतं. सोबतचा राममूर्ती आणि बाकीचे सायकलवाले पुढं गेले असते, मी तिथंच राहिलो असतो.

भवानी : म्हणजे कळलं होतं.

चंद्रमौळी : घरी आल्यावर सांगणार होतो. आलो, तर तू पायांना तेल चोळायला बसलीस, समुद्र कसा होता विचारू लागलीस. तोंड उघडेना माझं. मग रोज म्हणायचो, उद्या सांगू.

व्यंकोजी : दहाव्यास कावळा शिवला नाही, भावोजी. भटजी म्हणाले, लेकीत जीव अडकलाय. मी हात जोडून बोललों, अम्मा, भावोजी अक्कास घेऊन येताहेत. तरी शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा केला.

भवानी : पायांस तेल चोळलं मी यांच्या. याच हातांनी.

चंद्रमौळी : आज रात्रीच्या गाडीनं निघू. मी रजा काढतो.

भवानी : रजा उरली आहे? समुद्रास दिलीत ना सगळी. मी व्यंकोजीबरोबर जाईन.

चंद्रमौळी : बरं, जा. मी आधी आंघोळ करून येतो. सूतक मलाही आहे.

भवानी : तुम्हांस कशाचं? तुम्ही कुलूप बघून आलात.