होडीचा कौल

दवाखान्यात पप्पांचा ईसीजी निघेपर्यंत जेनिस बाकावर बसून होती. मागच्या बाकावर किनाऱ्यावरचं एक म्हातारं जोडपं होतं.

"फुगो घालूक डॉक्टरांका आज हो म्हणान सांगा," म्हातारी म्हणाली.

"गरज नाय. देवाक कौल लावलंय मी."

"काय विचारलात?"

"काळजाची शीर चोंदली हा, ती फुगो घातल्याबिगर नुसत्या गोळ्यांनी सुटात काय? देवान उजवो कौल दिलान."

"आणि माका सांगूक नाय."

"देव हो म्हणालो, मगे तुका कित्याक विचारू?"

"बरा. काल मी पण कौल लावलंय."

"कसलो?"

"तुमच्या माघारी होडी सुदामभावजींक देऊ काय, म्हणान."

"सुदामाक? गेल्या शिमग्यात तेना होडी खडकार चढवल्यान."

"उजवो दिलान."

"देवाक होड्येतला काय कळता?"

"शिरेतला कळता मां?"

पप्पा बाहेर आले. जेनिस उठली तेव्हा म्हातारा कंपाउंडरच्या खिडकीशी उभा होता.

"साहेब, तो फुगा गोव्याला ह्याच आठवड्यात घालून मिळेल का?"