आपल्या खड्याला कपाट

मूतखड्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी भूशास्त्राचे एक प्राध्यापक आणि त्यांची बायको बसली होती.

"डॉक्टरांना सांग, खडा फोडू नका म्हणावं. पोट उघडून अख्खा काढा."

"अहो, आतल्या आत चुरा होत असताना पोट कशाला फाडून घेताय?"

"कॉलेजच्या संग्रहालयात ठेवायचाय. आडवा कापला की थरावर थर दिसतात."

"कुठल्या कपाटात? लाव्हा थिजून झालेल्या खडकांच्या?"

"छे, खनिजांच्या."

"गेल्या वर्षी तुमचे रसायनवाले सर स्वतःचा खडा घेऊन आले होते, तेव्हा काय म्हणालात?"

"तो विषय वेगळा."

"'खनिज जमिनीत होतं, माणसात नाही,' म्हणालात. बिचारे रुमालात गुंडाळून परत घेऊन गेले."

"त्यांचा अगदीच फुटकळ होता गं. माझ्या एक्स-रेत बघ, कशी टोकं आलीत!"

"म्हणून तर काल घर डोक्यावर घेतलंत."

"शास्त्र पुढे जातं. व्याख्या बदलतात."

"ही कधी बदलली?"

"मंगळवारी. एक्स-रे आल्यावर."

तेवढ्यात नर्स आली.

"सर, डॉक्टर विचारतायत, तुमचं काय ठरलं?"

"चुराच करा, सिस्टर. आणि तो डबीत भरून द्या. गाळाच्या खडकांच्या कपाटात ठेवतील हे."

"अगं, गाळाचा खडक व्हायला लाखो वर्षं जातात!"

"जाऊ देत. तोवर पाणी पीत बसा."