सीडीतला गाँग

इंडोनेशियातल्या सोलो शहरात, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे गाँग घडवणाऱ्या वागियेमबाई उभ्या होत्या. काउंटरवर तेगुह होता; तो त्यांना 'बू', म्हणजे बाई, म्हणायचा आणि त्या त्याला 'मास', म्हणजे दादा.

"बू, चौथ्यांदा आलात. सीडी गेली म्हटलं होतं ना?"

"जुना गाँग तडकला, मास. त्याचा सूर आता त्या सीडीतल्या रेकॉर्डिंगमध्येच आहे. नवा त्यालाच मिळवायचाय. पुन्हा कॉपी कर."

"लिनक्स दर वेळी एरर देऊन थांबतं."

"कुठे थांबतं?"

"अगदी शेवटी. सीडीवरच्या शेवटच्या दोन ब्लॉकांवर, म्हणजे माहितीच्या दोन कप्प्यांवर."

"त्यांच्यात काय आहे?"

"ते नाही पाहिलं. थांबा, रेकॉर्डिंग कुठवर आहे ते सीडीतच लिहिलेलं असतं... बू, ते दोन्ही रिकामे आहेत. तुमची फाइल पहिल्याच दिवशी पूर्ण उतरली होती."

"वाजव."

"ऐकलंत? हाच ना?"

"पुन्हा वाजव. आवाज पुरता विरेपर्यंत मध्ये बोलू नकोस."