वडाखालचा शेंदूर

विद्यापीठाच्या बागेचं नाव काढलंत, म्हणून मामा आठवले. लाटसाहेबाच्या बंगल्यात तेव्हा नुकतंच विद्यापीठ आलं होतं. मामांचं गाव मुळशीच्या धरणात बुडालेलं, तेव्हापासून ते रिहे गावात राहायचे. एकदा पुण्यात आले, तर आम्ही दोघंच ते आवार बघत हिंडलो. मी बंगल्याचा मनोरा दाखवतोय आणि मामा प्रत्येक वडाखाली वाकून बघतायत.

“मामा, काय शोधताय?”

“शेंदूर फासल्याला दगड. येवढी जागा मोकळी केली, म्हंजी हितलं गाव उठवलं आसंल. मान्सं जात्यात, देव मागं ऱ्हातो. आमचा न्हाई का पान्यात ऱ्हायला?”

मला हसू आलं. “अहो, इथं कधी गाव नव्हतंच.”

मामा उठले. धोतराची माती झाडली.

“आमच्या धरणावर कुनी फिराया आलं, की त्याला बी आसंच सांगत्यात.”