सोळा वर्कर आणि तातोबांची खुर्ची

“शेजारणीचा नेम बघून आपला नेम धरू नकोस. आपल्या अंगात किती आहे ते आधी बघ, मग आकडा बोल.” आमच्या गुरुमाई मला सांगायच्या. मी तेव्हा उत्साहाच्या भरात रोज एकवीस प्रदक्षिणांचा संकल्प सोडायला निघाले होते. माईंनी तीनवर आणलं. त्या तीन आजही चालू आहेत, त्यांची कृपा.

तर मंडळी, आजचा प्रश्न हाच. काम अंगावर आलं की आकडा मोठा धरावा, की खरा धरावा? माना डोलवू नका इतक्यात. आधी ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं धर्मादाय रुग्णालय. तिथे डायलिसिसच्या चार खुर्च्या. ज्यांचं मूत्रपिंड थकलं, त्यांनी आठवड्यातून दोनदा तिथे बसायचं, म्हणजे यंत्र रक्त साफ करतं. पाळी चुकली की पाय सुजतात, दम लागतो. माणसं पुष्कळ, खुर्च्या चार! वशिला नको म्हणून ट्रस्टनं ठरवलं – शनिवारी सकाळी दहाला वेबसाइट उघडेल, जो आधी नाव नोंदवील त्याची पाळी. खुद्द तिथल्या डॉक्टर बोंद्र्यांचा मामासुद्धा रांगेत!

ही वेबसाइट सांभाळायची रेवती गुरव. नोकरी शहरातल्या मोठ्या कंपनीत, आणि हे काम सेवा म्हणून.

दहाच्या ठोक्याला शंभर-सव्वाशे फोनांवरून एकदम साइट उघडली जायची, ती रेंगाळायची. का? आपल्या महाप्रसादाचं बघा. सर्व्हर म्हणजे अंगण. त्यात वर्कर म्हणजे एकेक वेगळी चूल, स्वतःच्या भांड्यांसकट. आणि थ्रेड म्हणजे त्याच चुलीशी राबणारे हात. रेवतीच्या अंगणात चुली दोन आणि प्रत्येकीला हात एकच. सव्वाशे पानांना कसे पुरणार?

रेवतीनं काय केलं? कंपनीतल्या सर्व्हरवर सोळा वर्कर होते. तोच आकडा इथे लावला – सोळा! अहो, कंपनीचं अंगण केवढं, आणि हे केवढं! हे आमचे पेटीवाले गजाभाऊ हसतायत. गजाभाऊ, तुम्हाला सोळा पेट्या दिल्या तर भजन सोळा पट रंगेल का? हात तर दोनच आहेत ना?

शनिवारी दहा वाजले. सोळा चुली एकदम पेटल्या, मेमरी भरली, आणि जागा नाही म्हणून सर्व्हरनंच एकेक वर्कर मारायला घेतला. साइट झोपली. तासाभरानं उठली, तोवर सगळा गोंधळ. रुग्णालयातून विचारणा झाली तेव्हा रेवती म्हणाली, गर्दी फार होती. खोटं नव्हतं. पण खरं होतं का?

रविवारी तिला फोन आला. हौसाक्का. तिचा नवरा तातोबा, त्याची एकही पाळी लागली नव्हती. आता एसटीनं जिल्ह्याच्या रुग्णालयात, जाता-येता पाच तास, येताना त्याला वाटभर उलट्या. पण बाई भांडली नाही. एवढंच म्हणाली,

“ताई, मी दहापास्नं बटण दाबत हुते. माझंच काय चुकलं का?”

मंडळी, शिव्या परवडतात. हा प्रश्न परवडत नाही.

रेवती नोंदी उघडून बसली. एकेक वर्कर तीनशे एमबी खातो आणि सर्व्हरला मेमरी सारी दोन जीबी, हे तिनं तेव्हा पहिल्यांदा मोजलं. आणि त्याहून मोठं कळलं. हे वर्कर राबत कुठे होते? बहुतेक वेळ ओटीपीच्या मेसेजची वाट बघत नुसते उभे! मग चुली कशाला वाढवायच्या? वर्कर ठेवले तीन, प्रत्येकाला थ्रेड दिले चार. एक हात वाट बघतोय तोवर बाकीचे तीन वाढतायत. बारा हात, म्हणून डेटाबेसच्या, म्हणजे कोठाराच्या, जोडण्याही बारा, नाहीतर त्याच्या दाराशी पुन्हा रांग. पण एका चुलीच्या हातांचं सगळं सामाईक असतं. दोघांनी एकाच पाटीवर नाव लिहिलं तर खुर्ची भलत्यालाच! ते शोधून तिनं प्रत्येक हाताला वेगळी पाटी दिली. मग खोटे सव्वाशे फोन सोडून चाचणी. मेमरी बघायची, अडलं की दुरुस्ती, पुन्हा चाचणी. सर्व्हर निभावून नेईपर्यंत ती उठली नाही.

आणि मग तिनं हौसाक्काला फोन लावला.

“तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी होती. आठवड्याच्या दोन्ही पाळ्या इथे लागेपर्यंत तातोबांना मी गाडीनं जिल्ह्याला नेईन.”

“तुला नोकरी हाय न्हवं?”

“रजाही आहे.”

त्या आठवड्यात तिनं दोनदा नेलंसुद्धा. पुढच्या शनिवारी दहा वाजले. बाराही हात चालले, एकही वर्कर मेला नाही, वीस मिनिटांत सगळ्या पाळ्या भरल्या. तातोबांना गुरुवारची खुर्ची मिळाली.

सोमवारची नाही मिळाली. दुसऱ्यांची बोटं आधी पोचली, सरळ मार्गानं.

डॉक्टर बोंद्रे म्हणाले, आता साइटचा दोष नाही, तू मोकळी झालीस. हवं तर सोमवारचं एक नाव खोडून तातोबांचं घालू, कोणाला कळणार आहे? रेवती म्हणाली, “त्या नावाच्या घरीही कोणी बटण दाबत बसलं होतं, डॉक्टर.” आणि यादी तशीच ठेवली.

आता तुम्ही सांगा. आपण घरात, मंडळात, देवळात आकडे बोलतो ते कुठून आणतो? त्यांनी पाचशे पानं वाढली म्हणून आपण सहाशे? आणि अंगण कोसळलं की म्हणायचं, गर्दी फार होती? कोणाची तरी हौसाक्का तेव्हा स्वतःचंच चुकलं असं धरून बसलेली असते. आज घरी गेल्यावर तिला आठवा. आणि फोन तुम्ही करा, तिच्या फोनची वाट बघू नका.

सोमवारी पहाटे रेवतीनं मागच्या सीटवर जुनं धुतलेलं पांघरूण अंथरलं, उलटीसाठी दोन पिशव्या आणि आल्याच्या वड्या ठेवल्या, आणि कोणाला न उठवता गाडी हळूच तातोबांच्या गावाकडे काढली.