कॅसेटची मागची बाजू

"हॅलो?… हां, बोल मोनिका… अगं हळू बोल, दम घे… काय? एलिया येत नाही म्हणतो?"

हन्नानं गवारीची परात बाजूला सारली. मोनिका तिची भावजय, कोल्हारहून बोलत होती. हन्ना आणि तिचा धाकटा भाऊ एलिया यांनी तरुणपणी नगरमध्ये ड्रमवाल्या नोहाबरोबर 'ठिणगी' नावाचा रॉक बँड काढला होता. त्यांची एकच कॅसेट निघाली, 'दगडी पूल'. तिच्यातलं पहिलं गाणं, 'टपावर जागा हाय', वरातीपासून रसवंतीपर्यंत सगळीकडं वाजलं. बाकीची सात कुणी मनावर घेतली नाहीत. बँड मोडला, एलिया शाळेत गणित शिकवू लागला. यंदा हन्नाच्या मुलीनं, एंजेलानं, अख्खी कॅसेट इंटरनेटवर टाकली, आणि शनिवारी नगरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला.

"काय वाचलं त्यानं?… कमेंट? सगळ्या?… हो, हो, माहितीये मला. 'गिटारवाल्याला जन्मात एकच गाणं सुचलं.' वाचलीये मी… आणखी कुठली?… 'बाकीची सात म्हणजे पत्र्यावर पडलेली भांडी'… अगं, लिहू दे की… अगं ऐक ना. मोनिका, ऐक ना! गिटार कुठंय?… माळ्यावर टाकली? मग काढ खाली… तो नाही काढणार, तूच काढ. स्टूल घे… आणि फोन दे त्याला… बोलायचं नाही म्हणतो? मग स्पीकरवर टाक आणि त्याच्या पुढ्यात ठेव."

पलीकडं स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"एलिया, मी बोलतेय… तोंड फिरवू नकोस, मला इथून कळतं… हॉलवाल्यांचं काय?… हो, तेही तसंच म्हणत होते. 'टपावर' म्हणा आणि उतरा. मी नाही म्हणून सांगितलं. आठही गाणी होणार, कॅसेटच्या क्रमानं… उठून जातील तर जाऊ देत की! दार उघडंच ठेवायला सांगितलंय मी."

तिनं चष्मा लावला आणि एंजेलाचा लॅपटॉप पुढ्यात ओढला.

"आता माझं ऐक. एक कमेंट वाचते… नाही, ही तू वाचली नसणार, आज सकाळीच आलीये. अकोले तालुक्यातला आसाराम म्हणून कुणी आहे, भंडारदऱ्याला जीप चालवायचा… अरे, वाचू तर दे! 'तुमची कॅसेट माज्या जीपमधी हुती. पब्लिक सारकं टपावरचंच लाव म्हनायचं. टेप तितंच गुतली न् तुटली. मी तुकडा कापून जोडली, तर मागच्या बाजूचं शेवटचं गानंबी मधीच तुटाया लागलं…' कळलं का? फीत एकच ना रे, इकडची सुरुवात म्हणजे तिकडचा शेवट… हां. पुढं ऐक. 'तवापासून मागचीच बाजू लावायचो. गानं तुटलं की पुढचं मनानं म्हनायचो. लई वर्सं म्हनलं. आता नेटवर पुरं ऐकलं. तुमचं चांगलं हाय. पन माजं जास्त बरं हुतं.'"

हन्नानं चष्मा कपाळावर सरकवला.

"एलिया?… हसतोयस का?… मग रडतोयस?… बरं, बरं… काय म्हणालास?… कसं म्हणायचा, मला काय ठाऊक!… नाही, ते नाही लिहिलं. चाल बदलायचा की शब्द, काहीच नाही लिहिलं… नंबर कशाला? शनिवारी येतोय तो, मी बोलावलंय. समोर बसवून विचार… हो, पहिल्या रांगेत बसवते."

मग एलियानं जे विचारलं, ते ऐकून हन्नाचा आवाज खाली आला.

"…हो. नोहा नाही आता. मलाही रोज आठवतं रे… नाही. त्याच्या ड्रमवर दुसरं कुणी बसणार नाही. ताल मी पायानं धरीन… गुडघा दुखू दे… दुखू दे म्हणते ना!… काढतोयस? थांबते, मी कुठं जातेय."

खोळीची चेन उघडल्याचा आवाज आला, मग तारा पिळल्याचा. सूर चढत चढत जागेवर आला.

"शेवटचंच घे, तेच… अगंबाई, एवढ्या वर होतं हे?… नाही, खाली आणू नकोस! कॅसेटवर होतं तिथूनच. घे."

हन्ना गायली. उंच सुरापाशी आवाज फाटला.

"परत… परत घे… अरे चुकू दे, परत घे… हॅलो? एलिया?… हॅलो?"

तिच्या मोबाईलची बॅटरी संपली होती. कोल्हारला एलिया अजून वाजवतच असणार, याबद्दल तिला जराही शंका नव्हती. तिनं फरशीवर पायानं ताल धरला, पाठ ताठ केली आणि पुन्हा त्याच सुराला हात घातला. सूर थरथरला, पण या खेपेला सुटला नाही. चार्जर तिनं त्यानंतर शोधला.